हरजीच्या मेडलवरचा मुलामा

"मॅडम, खरं हाय का खोटं, एवढंच सांगा," थावरू राठोड म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी मेडल माझ्या टेबलावर ठेवलं.

एवढंच! हे एवढंच सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. मुंबईत जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीत मी नाणी आणि पदकं तपासायची. रिटायर होऊन हिंगोलीला घरी आले, तरी भिंग काही हातातून सुटलं नाही. लोक आजोबांची मेडल्स घेऊन येतात. मी चहा पाजते आणि खरं ते सांगते. काही जण चहा अर्धा टाकून जातात.

थावरूकाका कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून आले होते, सोबत नव्वदीच्या घरातली आई, झमकूबाई. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं आपल्या फौजेला जे मेडल वाटलं, तसं हे दिसत होतं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. त्यांचे आजोबा हरजी तेव्हा समुद्रापार, इराकात बसऱ्याला गेले होते, असं घरात सांगत आले होते. आता गावच्या शाळेत लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड बसणार होता. नावं कोरणारा कारागीर पुढच्या आठवड्यात येणार होता.

"ग्रामसभेत मेडल दाखवलं तर हेडमास्तर म्हणे, कडेवर नाव पाहिजे, ते न्हाई. मागून एक जण म्हणला, बाजारातून आणलं असल. सगळे हसले. मी लहानपणापासून लोकाइला सांगून राहिलो मॅडम, माझा आजा लढाईला गेलता. आता या वयात खोटा ठरू का?"

मला वाईट वाटलं, कारण मेडल मलाही खोटंच वाटत होतं.

कारणं सांगते. हे मेडल चांदीचं असतं. वजन केलं तर काटा कमी दाखवत होता. चकाकी नवी होती, सणाला भांडी घासावीत तशी. घोडेस्वाराची बाजू मऊ, पुसट होती. साच्यात धातू ओतून केलेली नक्कल अशीच मऊ दिसते. आणि मेडलच्या कडेभोवती चांदीचं जाड कोंदण बसवलेलं होतं, वर कडी. खऱ्या मेडलच्या कडेवर ज्याला दिलं त्याचं नाव ठोकलेलं असतं. नकली माल विकणारे नेमकी ही कडच कोंदणात दडवतात.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. राजाच्या तोंडाची बाजू धारदार होती. मिशीचा केस अन् केस दिसत होता. नक्कल करणारा एक बाजू उत्तम आणि दुसरी भिकार कशाला करील?

"काका, याला मुलामा दिलाय का?" मी विचारलं.

थावरूकाका छताकडे बघायला लागले.

"सांग की," झमकूबाई म्हणाल्या. "दिला व्हय मुलामा! हेडमास्तर म्हणले असली मेडल चांदीचं राहते. मंग ह्यानं सोनाराकडून चांदी चढवून आणली. म्या म्हणलं, काहून हात लावतो? ऐकलं न्हाई."

"मंग काय करू? तांब्याचं दिसत व्हतं ना ते," काका पुटपुटले.

मी खुर्चीत सरळ बसले. तांब्याचं? या मेडलचा एक ब्राँझचा, म्हणजे तांबूस धातूचाही प्रकार होता. तो बंदूक चालवणाऱ्यांना मिळत नसे. हमाल, घोडी-खेचरं सांभाळणारे सईस, पाणक्ये, फौजेच्या मागे राबणारी माणसं, त्यांना तो मिळे. चांदीच्या मेडलांपेक्षा तो कितीतरी कमी निघाला. नकली माल करणारे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे काकांनी खऱ्याला खरं दिसावं म्हणून खोटं करून आणलं होतं! मला हसू आवरेना. काका रागावले आणि मग तेही हसले.

"पण आजी, हा घोडेस्वार एवढा झिजला कसा?"

झमकूबाईंनी गळ्यातला रुपयांचा हार पुढे ओढला. तांड्यावरच्या जुन्या बायका घालतात तसा, जुन्या नाण्यांना कोंदण आणि कडी लावून ओवलेला. मधली एक जागा रिकामी होती.

"हे हितं राहायचं. माझ्या सासूनं घातलं, हरजीच्या बायकोनं. मंग म्या घातलं."

"आणि स्वार आतल्या बाजूला?"

"मंग! तो स्वार बघितला का तुमी? अंगावर चिंधी न्हाई त्याच्या. बाईमाणसानं असा उघडा गडी छातीवर मिरवायचा का? सासू म्हणायची, राजा भायेर, हा आत."

खरंच की. मी ते मेडल आयुष्यभर पाहिलं, कॅटलॉगमध्ये त्या स्वाराचं वर्णन लिहिलं, पण त्याला कपडे नाहीत ही गोष्ट कधी कुणाची अडचण असेल असं मनात आलं नाही. दोन पिढ्यांच्या काचळीवर, म्हणजे आरसे-टिकल्यांच्या चोळीवर, घासून तो स्वार पुसट झाला होता.

आता उरली कड. ती बघायची तर कोंदण कापायला हवं होतं. मी तसं सांगितलं. काका लगेच म्हणाले, "कापा."

"तुझं हाय का ते?" झमकूबाईंनी त्यांना गप्प केलं. मग माझ्याकडे वळल्या. "सासूनं सोताच्या वाळ्याची चांदी घालून केलंय हे कोंदण. आत नाव नसलं तर?"

"नसलं तर नाही, आजी. मी खोटं सांगणार नाही."

त्यांनी मेडल उचलून रुमालात बांधलं. मग म्हणाल्या, "चला."

सराफ्यातल्या त्याच सोनाराकडे गेलो. आपण केलेल्या मुलाम्याचा घोळ ऐकून तो ओशाळला. त्यानं बारीक करवतीनं कोंदण एका जागी कापलं आणि उघडलं. आत शंभर वर्षांचा मळ होता. मी ओला कापूस फिरवला. मुलामा आतपर्यंत पोचला नव्हता. तांबूस कडेवर इंग्रजी अक्षरं होती, कालच ठोकल्यासारखी. नंबर, मग सईस, मग हरजी, मग खेचरांवर सामान वाहणाऱ्या तुकडीचं नाव.

मी मोठ्यानं वाचलं. काकांनी पुन्हा वाचायला लावलं.

मेडल उघडं ठेवून गळ्यात घातलं असतं तर हे नाव कधीच घासून गेलं असतं. ज्या कोंदणावर मी संशय घेतला, त्यानंच ते राखलं होतं. मला फार आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

एक गोष्ट मात्र सांगणं भाग होतं. "काका, हरजी शिपाई नव्हते. त्यांनी बंदूक धरली नसेल. जनावरं सांभाळली असतील, ओझी वाहिली असतील."

मला वाटलं, त्यांचं तोंड उतरेल. पण ते आईकडे बघून म्हणाले, "लदेणी केली म्हणजे! आपलंच काम." बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर पोचवायचा, हा तांड्याचा जुना धंदा. त्याला ते लदेणी म्हणतात. झमकूबाई म्हणाल्या, "जनावर आपल्या लोकाइवाणी कुणाला कळतंय?"

हेडमास्तरांना मी फोनवर सगळं सांगितलं. भला माणूस. स्वतः तांड्यावर जाऊन माफी मागून आले. दगडावर आता नाव आहे: हरजी राठोड, सईस.

मेडल कोंदणाबाहेर ठेवावं असं मी सुचवलं होतं. झमकूबाईंनी ऐकलं नाही. सोनाराकडून कोंदणाला बिजागरी लावून घेतली. कुणी शंका काढली की उघडून दाखवतात. एरवी मेडल हारात असतं, राजा बाहेर आणि स्वार आत. मुलामा तसाच आहे, कारण तो काढायला गेलं तर राजाची मिशीही जाईल. त्यामुळे तुम्ही पाहिलंत तर तुम्हालाही ते खोटंच वाटेल.

तेव्हापासून कुणी मेडल आणलं की मी भिंग नंतर काढते. आधी विचारते, हे घरात कोण घालायचं?