दोन फुटवे
शेवंतीचा पाला हाताला घासला गेला की जो उग्र, कडवट वास येतो, त्याने मला ती दुपार आठवते. बुलढाण्यातलं हे घर तेव्हा आम्ही नुकतंच विकत घेतलं होतं. अंगणातल्या नळाशेजारी एकेरी पाकळ्यांची पिवळी फुलं आली होती आणि मोबाइल दर फोटोला त्यांचं वेगळंच नाव सांगायचा. आम्हाला घर विकून धाड गावी लेकीकडे राहायला गेलेल्या काकू सहज भेटायला आल्या, तेव्हा मी त्यांनाच विचारलं. त्यांनी वाकून एक पान चुरगाळलं, हुंगलं. "गावरान शेवंती हाय, माह्या हातची," म्हणाल्या; मग जरा अडखळत, "दोन फुटवे नेऊ का, ताई?" मी "न्या ना" म्हटलं, अगदी मालकिणीसारखं. आजही देवासाठी फूल खुडताना वाटतं, आपण कुणालाच विचारलेलं नाही.