सत्तारभाईंची नजर चुकली नव्हती

वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत पानटपरीपाशी उभा होतो. टपरीवाला चुना लावता लावता सहज म्हणाला, "सत्तार मिस्त्री गेला ना गुरुजी. आठ दिस झाले माती होऊन." मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण... फाट्यावर आम्हा दोघांना एका बाकड्यावर बसलेलं पाहून किती वर्षं लोटली होती. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान हलवली. "हात सोन्याचा होता बुवा. पण त्या तांड्याच्या गाडीत जबान घालवून बसला." टपरीवाला म्हणाला, "व्हय, तिथंच नाव गेलं त्याचं." मी पान तोंडात घातलं. ती गाडी तांड्याला गेली त्याआधी माझी होती. तिच्यापायी सत्तारभाईंच्या नावाला जे लागलं ते खोटं आहे, आणि हे जगात एकट्या मला माहीत आहे. सांगायला मी बारा वर्षं लावली. आता ऐकायला ते नाहीत.

सत्तारभाईंचं गॅरेज फाट्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा आणि एक बाकडं. जुनी गाडी घेणारा माणूस आधी त्यांच्याकडे यायचा. त्यांची रीत ठरलेली होती. गाडी पळवून आणायची, इंजिन गरम असतानाच सपाट जागी उभी करायची आणि खाली कोरा पुठ्ठा रात्रभर सरकवून ठेवायचा. गॅरेजची जमीन ऑइल पिऊन काळी झालेली, तिथं थेंब ओळखू येत नसे, म्हणून हे काम ते आपल्या घरामागच्या शहाबादी फरशीवर करत. सकाळी घेणाऱ्यासमोर पुठ्ठा ओढायचा. डाग कुठं पडला त्यावरून गळती कुठली ते सांगायचे. कोरा निघाला तर पुठ्ठा घेणाऱ्याच्या हातात द्यायचे, "हा ठेवा घरी. इंजिनाची जबान माझी." विकणाऱ्याकडून चहाशिवाय काही घेत नसत. "मी मिस्त्री हाय, दलाल न्हाई," म्हणायचे.

माझी गाडी मीही जुनीच घेतली होती, डिझेलची. घेतल्यापासून ऑइल गळायचं. सत्तारभाईंनी आधी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, मग खालच्या चेंबरचं. तरी थेंब राहिलेच. एक दिवस खड्ड्यातून वर येत ते म्हणाले, "गुरुजी, मागची सील गेली. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज न्हाई. सोडा माझ्याकडं आठ दिवस." मी उद्यावर ढकलत राहिलो. आठ-पंधरा दिवसांनी वरून ऑइल ओतायचं आणि चालवायची. "गाडी हाय का ठिबक सिंचन?" ते विचारायचे, आणि बाकड्यावरचे सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढं मुलानं नवी गाडी घ्यायचं ठरवलं आणि ही विकायला काढली. सत्तारभाईंना मी सांगितलं, नांदेडला सील बदलून घेतली. खोटं बोलायला तसं मोठं कारण नव्हतं. अडचण नव्हती, घाईही नव्हती. कंटाळा होता, आणि एवढ्यानं काय होतं असं वाटलं होतं. त्यांच्याकडे न करता बाहेर काम केलं याचं त्यांना वाईट वाटलं असणार, पण तसं ते बोलले नाहीत.

घेणारा रामधन, जवळच्या तांड्यातला. भाजीपाला हिंगोलीला न्यायला त्याला गाडी हवी होती. तो म्हणाला, "सत्तारभाई व्हय म्हणले तर घेतो, मला यातलं काही समजत न्हाई." नेमकं तेव्हा सत्तारभाईंच्या घरामागं पुतणीच्या लग्नाचा मांडव घातला होता. फरशी मोकळी नव्हती. ते म्हणाले, "गुरुजींच्या अंगणातच लावू. तिथं काय शंका." संध्याकाळी स्वतः येऊन पुठ्ठा सरकवून गेले. उजाडल्यावर मी वाकून पाहिलं तर भाकरीएवढा काळा डाग. घरात नव्या पंख्याचं खोकं होतं. त्याचा तुकडा कापला, वर थोडी धूळ चोळली आणि गाडीखाली सारला. इंजिनाचं बूड फडक्यानं पुसलं, कमी झालेलं ऑइल भरलं, डागाचा पुठ्ठा बंबात घातला. नऊ वाजता दोघं आले. सत्तारभाईंनी काडी काढून ऑइल पाहिलं, गुडघ्यावर बसून खाली डोकावले, कोरा पुठ्ठा ओढला. मला म्हणाले, "नांदेडच्या मिस्त्रीचा हात चांगला दिसतो गुरुजी. मानलं." आणि पुठ्ठा रामधनच्या हातात दिला.

तीन आठवड्यांत गाडी हिंगोलीच्या रस्त्यावर बंद पडली. ऑइल संपून इंजिन जाम. दुसऱ्या दिवशी रामधन तांड्यातली चार माणसं घेऊन गॅरेजवर आला आणि तो पुठ्ठा सत्तारभाईंच्या पायाशी फेकला. "ही तुमची जबान? तुमच्या तोंडाकडं पाहून गाडी घेतली आमी!" मी तिथंच बाकड्यावर होतो, हातात कप होता. सत्तारभाईंनी पुठ्ठा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळले. "गुरुजी, सील बदलली होती ना?"

मी म्हणालो, "व्हय. बदलली होती."

त्यांनी पुठ्ठ्याची घडी केली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मग माझीच नजर चुकली." मास्तर खोटं बोलेल हे त्यांच्या मनात आलंच नाही... की आलं आणि त्यांनी ते झटकलं, हे आता कधीच कळणार नाही. त्यांनी ते इंजिन महिनाभर खपून, काही न घेता उभं करून दिलं. पण तांड्यातून परत कुणी आलं नाही, मग इतर गावंही तुटली. पुठ्ठा टाकणं त्यांनी स्वतःच बंद केलं. पुढं शेड गेली आणि ते दुसऱ्याच्या गॅरेजवर पंक्चर काढू लागले. त्यांच्यासमोर यायला नको म्हणून मी कळमनुरीला जायचा रस्ता बदलला.

टपरीवरून घरी न जाता थेट तांड्यावर गेलो. रामधन आता म्हातारा झाला आहे. खाटेवर बसवून त्यानं सगळं ऐकून घेतलं, पंख्याचं खोकं, धूळ, बंब, सगळं. मग हसला. "गुरुजी, मेल्यावर कोणताबी माणूस चांगला व्हतो. काहून त्याचं पाप अंगावर घेऊन राहिले?" मी देवाची शपथ घेतली. त्यानं आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि सुनेला म्हणाला, "बघ, याला म्हणतात दोस्ती. मेलेल्यासाठी मास्तर खोटं बोलायलेत." मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. जितकं सांगितलं तितका त्याच्या नजरेत मी मोठा होत गेलो. निघताना तो माझ्या पाया पडला. मला त्याला अडवताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सत्तारभाईंच्या बायकोकडे, भाभींकडे गेलो. बोलायला सुरुवात करायच्या आत त्यांनी फडताळातून सत्तारभाईंचा चष्मा काढून दाखवला. गाडी परत आली त्याच महिन्यात, भाभी सांगू लागल्या, ते हिंगोलीला डोळे दाखवायला गेले होते. चष्मेवाला म्हणाला होता, चाचा, नजर बराबर आहे, नंबर निघत नाही. ते अडून बसले, "चूक झाली ती काय उगीच? करून द्या." शेवटी त्यानं साधी काच बसवून दिली. तेव्हापासून हा चष्मा लावल्याशिवाय ते गाडीखाली वाकत नसत. आवळलेला नट दोनदा तपासत, घरी आल्यावर भाभींना सुईत दोरा ओवून दाखवत, "बघ, गेला ना बराबर?" मी चष्मा डोळ्यांना लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना आधी जसे अंधुक दिसत होते तसेच दिसले.

मग मी भाभींना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून चष्मा घेतला, काड्या मिटल्या, पदरानं काचा पुसल्या आणि तो तसाच हातात धरून बसल्या.

"आता हे मी कुणाला सांगू, गुरुजी?"