जर्मनीची चौकशी

दौंडचा मल्हारी पोटापाण्यासाठी कुरकुंभच्या एका कारखान्याची गाडी चालवायचा, पण त्याचं खरं काम चौकशीचं. भावकीत कुणाची सोयरीक ठरायची असली, की आधी मल्हारी त्या गावी जायचा. पाहुण्यांच्या घरी नव्हे, त्यांच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर. घर कसं आहे ते घरवाल्यालाच काय विचारायचं, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नाही.

त्याची मुलगी सोनम नर्स झाली आणि तिला जर्मनीतल्या एका इस्पितळाचं बोलावणं आलं, तेव्हा मात्र मल्हारीची पंचाईत झाली. पोरगी परक्या मुलखात धाडायची, तीही चौकशी न करता? बायको तानुबाईनं आठवड्यात काय ते सांगा म्हणून तगादा लावलेला. आता जर्मनीचा शेजारी दौंड तालुक्यात कुठून आणायचा?

मग त्याला गाडीच्या आरशात लिनसाहेब दिसले. यंत्रं बसवायला आलेले हे चिनी इंजिनिअर रोज त्याच्याच मागं बसायचे. चीन काय आणि जर्मनी काय, दोन्ही विमानानं जायचे मुलूख. म्हणजे शेजारीच, असं मल्हारीनं ठरवून टाकलं.

लिनसाहेबांनी फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमधल्या बाईकरवी पाच दिवस जर्मनीला मनसोक्त नावं ठेवली. पश्चिमेकडचे लोक आळशी, रविवारी दुकानं बंद, रेल्वे उशिरा, म्हातारी माणसं एकटी मरतात, आणि वर शहाणपण आम्हालाच शिकवतात. मल्हारीचं अवसान गळत चाललं. असल्या घरात त्यानं शेळीसुद्धा दिली नसती.

सहाव्या दिवशी गाडी रेल्वेच्या फाटकात अडकली, तेव्हा त्यानं शेवटचा प्रश्न काढला. तो विचारल्याशिवाय कुठलीच चौकशी पुरी होत नाही.

"साहेब, तुमची पोरगी असती, तर त्या घरात दिली असती का?"

बाईनं ते चिनीत सांगितलं. लिनसाहेब मालगाडीचे डबे बघत हळूच काहीतरी म्हणाले.

"दिली आहे," बाई मराठीत बोलली. "थोरलीला जर्मनीत चार वर्षे झाली. धाकटीसुद्धा यंदा तिकडेच जाणार आहे."

मल्हारीला आधी राग आला, मग हसू आलं. पाच दिवस आपण शेजाऱ्याचं नव्हे, पोरीच्या बापाचं ऐकत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळी त्यानं सोनमला हो म्हटलं आणि गोठ्यात जाऊन रडून घेतलं.

सोनमला जाऊन आता तीन महिने झालेत. परवा लिनसाहेब तिकडच्या थंडगार जेवणाला शिव्या घालत होते, तर मल्हारीनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून फोनवाल्या बाईला सांगितलं, "आन् पोरींना घरी फोन कराया येळ बी देत न्हाईत, म्हणावं."

बाईनं सांगितलं. लिनसाहेबांनी मागून मल्हारीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कुरकुंभ येईपर्यंत काढला नाही.