न बघता केलेली सही

नोकरीत तपासलेले बरेचसे गुन्हे मी विसरलो. हा एक विसरता येत नाही, कारण त्यात माझाही हात होता.

निजामी अमलात मी शिरूर कासारकडच्या एका ठाण्यावर अमीन, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. एके सकाळी पोलीस पाटलाने वर्दी आणली की मेंढपाळांच्या वस्तीवर देवीची लस टोचणाऱ्या डॉक्टरला बाभळीला बांधून मारलंय. जमादाराला घेऊन गेलो, डॉक्टरला सोडवलं, मारणाऱ्या मेंढपाळाला पकडलं. तो पळाला नव्हता. मेंढरांना पाणी पाजत होता.

हा डॉक्टर महिन्यापूर्वी वस्तीतल्या पोरांना देवीची लस टोचून गेला होता. लस लागली की दंडावर फोड उठतो; पगाराशिवाय त्याला फोड उठलेल्या दर पोरामागे सरकारी बक्षीस मिळे. फोड उठल्याचा दाखला अमिनाने स्वतः बघून द्यायचा, असा नियम होता. वस्ती लांब, ऊन कडक. मी ठाण्यात बसूनच त्याच्या यादीवर सही केली होती. पुढे या मेंढपाळाचा थोरला मुलगा देवी येऊन दगावला, आणि डॉक्टर पुन्हा वस्तीवर आला तेव्हा हा प्रकार घडला.

अडाणी माणूस, पोरगं गेलं, राग सुईवर काढला, असं मी मनाशी ठरवूनच जबाब घ्यायला बसलो.

"सरकारी माणसावर हात काहून टाकला बे?"

"त्यानं लस टोचलीच न्हाई, साहेब. बिब्बा लावला. पोरामागं पैसा मिळतो म्हनं त्याला."

"तुला काय कळतं लशीतलं?"

"लशीतलं न्हाई, बिब्ब्यातलं कळतं. जलमभर मेंढरांच्या पायाला लावतो मी. त्याचा डाग वळखू येतो. थोरला तर गेला. मला कोंडा, पन धाकटीला खरी लस टोचा. तिच्या दंडावर बी त्योच डाग हाय."

हवालातीतला माणूस आधी स्वतःची सुटका मागतो. हा मुलीसाठी लस मागत होता. माझा आवाज आपोआप खाली आला.

तसाच वस्तीवर गेलो. धाकटीच्या दंडाशेजारी माझा दंड धरला. माझ्यावर लहानपणच्या लशीची खोलगट खूण होती, तिच्यावर नुसता काळपट चट्टा. ठाण्यावर येऊन पंचांसमोर डॉक्टरची पेटी उघडली. लशीच्या नळ्यांखाली सुईने टोचलेले बिब्बे निघाले.

डॉक्टर आधी गुरगुरला, मग खाली बसला. "हैदराबादेहून लस येईपर्यंत उन्हानं मरते, अमीनसाहेब. फोड नाही तर बक्षीस नाही. बिब्ब्यानं फोड येतो. आणि तुम्ही तरी कुठं बघायला आलात?"

हे वाक्य मी जबाबात तसंच उतरवलं. जमादार हळूच म्हणाला, "साहेब, एवढं गाळा की." गाळलं नाही. वरून ठपका आला, तो योग्यच होता. मेंढपाळावरची मारहाणीची फिर्यादही मी दाबली नाही. त्याला जामिनावर सोडलं.

एव्हाना शेजारच्या वस्तीत देवीची साथ आली होती. बीडला स्वार पाठवून ताजी लस, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि दुसरा डॉक्टर मागवला. मेंढपाळांच्या वस्तीवर बायांनी पोरं पालांत दडवली. मी नव्या डॉक्टरला बजावलं होतं, बक्षिसाचा विषय काढू नका. पण मेंढपाळानेच थेट विचारलं, "तुमाला बी पोरामागं पैसा मिळतो का?"

"मिळतो," डॉक्टर म्हणाला. "फोड उठला तरच. आठव्या दिवशी येतो, तुम्हीच बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी यादीत नाव घालणार नाही."

मेंढपाळाने धाकटीला पुढे केलं. तिच्यामागून बाकीची पोरं आली.

माणसं पैशावर चिडतात असं मला वाटायचं. ती फसवणुकीवर चिडतात. आणि ज्याने राखण करायची तोच न बघता सही करतो, तेव्हा त्यांनी विश्वास ठेवावा तरी कुणावर? त्या मुलाच्या मरणात माझ्या सहीचा वाटा आहे, हे मी कधी नाकारलं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टर वस्तीवरून यादी घेऊन ठाण्यात आला. त्याच्यामागे मेंढपाळ, कडेवर धाकटी. मी सवयीने टाक दौतीत बुडवला.

"साहेब," तो म्हणाला, "या खेपेला बघून सही करा."

मी टाक खाली ठेवला आणि पोरीला उजेडात घेतलं.