विदोसावाच्या पिशवीतली कॉफी

ल्युबिंकानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. एकदाच मागितलं, आणि तेही विदोसावाकडे. आता याला नशीब म्हणा, नाहीतर बाईची अक्कल चरायला गेली होती म्हणा.

क्रालेवो गावात आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोघींची दारं समोरासमोर. ल्युबिंका कारखान्याच्या खानावळीत घेवड्याचे हंडे ढवळायची. हात दांडगे, आणि जीभ त्याहून दांडगी. विदोसावा पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि तिकीटसुद्धा उपकार केल्यासारखं द्यायची. तळघरात लाकडं कुणी कुठं रचायची यावरून दोघींचं फाटलं, ते फाटलंच. जिन्यात गाठ पडली की एक भिंतीकडे बघायची, दुसरी छताकडे.

त्या वर्षी दुकानांतनं कॉफी नाहीशी झाली. आमच्याकडे कॉफी घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही, मयताच्या घरी जातानाही माणूस कॉफीचाच पुडा नेतो. नेमका त्याच वर्षी ल्युबिंकाचा नवरा स्वेतोझार इस्पितळात पडला. त्याला सूप नको, फळं नकोत, कॉफी पाहिजे. ल्युबिंकानं चिकोरी, म्हणजे कॉफी नसली की वापरतात ती भाजलेल्या मुळांची पूड, उकळून थर्मासमधून नेली. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे गटाराचं पाणी कुठून आणलंस?" म्हणाला, आणि भिंतीकडे वळून झोपला.

पहाटे तो गेला. बायकोशी शेवटचं बोलला ते एवढंच. मातीहून परतलेल्या लोकांनाही चिकोरीच द्यावी लागली, आणि विदोसावा जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बिचारा. मेल्यावरसुद्धा चिकोरीच."

ल्युबिंकाच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घालतात त्या जेवणाला खरी कॉफी करीन, नाहीतर नाव लावणार नाही, असं तिनं ठरवलं, आणि युनियनच्या बसमध्ये नाव घातलं. विदोसावानंही त्याच बसमध्ये घातलं होतं. बस त्रिएस्तेला जायची. सरहद्दीपलीकडे इटलीत सगळं मिळायचं: जीन्स, बूट, बाहुल्या, कॉफी. अडचण परत येताना. माणशी ठराविक किमतीचाच माल सोडायचे. वरचा सगळा जप्त, शिवाय चारचौघांत शोभा.

त्यावर बसचा स्वतःचा कायदा होता. परतताना सरहद्द यायच्या आधी ड्रायव्हर एका वळणावर गाडी थांबवायचा. ज्याचं जास्त झालं त्यानं ज्याचं कमी आहे त्याच्या पिशवीत टाकायचं, आणि सरहद्द ओलांडली की न मागता परत मिळायचं. भांडखोर असोत, चोरटे असोत, हा कायदा कुणी मोडलेला नव्हता.

ल्युबिंकाची मर्यादा मुलीच्या हिवाळी बुटांतच संपली होती. कॉफीचे चार पुडे वर राहिले. बसभर फिरली, सगळ्यांच्या पिशव्या फुगलेल्या. एकटी विदोसावा रिकामी, बाई दिवसभर दुकानांच्या काचांना नाक लावून नुसतीच हिंडली होती.

"विदोसावा," ल्युबिंका म्हणाली. तेवढा शब्द काढायला तिला किती जड गेलं ते तिचं तिला ठाऊक. "एवढं ठेवतेस का?"

"ठेवते की. शेजारधर्म आहे," विदोसावा म्हणाली, आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. एका पुड्याचा कोपरा फाटला होता. ल्युबिंकानं त्यावर पर्समधली जखमेला लावायची पट्टी चिकटवली आणि पुडे आत ठेवले.

सरहद्दीवर कस्टमवाला चढला. दाढी न केलेला, झोप न झालेला. विदोसावाच्या पिशवीत त्यानं हात घातला आणि कॉफी वर काढली. "कुणाची ही?"

"माझी," विदोसावा म्हणाली.

तो पलीकडच्या सीटवरच्या ल्युबिंकाकडे वळला. "हिच्या पिशवीत तुझं काही आहे का?"

ल्युबिंका म्हणाली, "माझं काही नाही."

पुढच्या थांब्यावर पिशव्या उघडल्या, ज्याचं त्याला मिळालं. विदोसावाची पिशवी मांडीवर, तिचे डोळे मिटलेले.

"दे आता," ल्युबिंका म्हणाली.

"काय द्यायचं? तूच म्हणालीस ना, तुझं काही नाही? साहेबासमोर म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं."

"विदोसावा, ती माझ्या नवऱ्याच्या चाळिसाव्याची आहे."

"आणि लाकडांची जागा माझ्या सासऱ्याची होती. तेव्हा तुला कुणाचं काही आठवलं नाही."

लोक खिडकीबाहेर बघायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "बायांनो, हळू. पुढे अजून एक तपासणी आहे. सगळ्यांचा माल घालवाल." म्हणजे गप्प बसायचं तेही ल्युबिंकानंच. नालायक सगळे, आणि मी हे तोंडावर सांगितलंय त्यांना.

पुढे रोज सकाळी समोरच्या दाराखालून कॉफीचा वास जिन्यात यायचा. एकदा ल्युबिंकानं दारावर थाप मारली. आतून कडी घातल्याचा आवाज आला, बस.

चाळिसाव्याला कबरीवर मेणबत्त्या लावून, शिजवलेला गहू वाटून माणसं घरी जेवायला आली. त्या दिवशी दार उघडंच असतं, आलेल्याला हाकलायचं नसतं. विदोसावाला हे पक्कं माहीत. काळी शाल घेऊन ती आली, पाद्रीबाबांच्या शेजारी बसली आणि टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, कॉफीचा एक पुडा ठेवला. कोपऱ्यावर पट्टी तशीच होती.

ल्युबिंकानं पुडा उचलला. "कुणाची ही?"

बसमध्ये होते त्यांनी ताटात माना घातल्या.

"माझी," विदोसावा म्हणाली. "आणलीय तुझ्यासाठी. म्हटलं, पुन्हा चिकोरी नको."

"बरं," ल्युबिंका म्हणाली, आणि आत गेली.

तिनं पितळी गिरणीत कॉफी दळली, बराच वेळ दळली. पहिला कप स्वेतोझारच्या फोटोपुढे, मेणबत्तीजवळ ठेवला. "घे," ती म्हणाली, "आज गटाराचं नाही." थोडी बशीत सांडली, तिनं पुसली नाही. मग पाद्रीबाबांना, मग म्हाताऱ्यांना, मग एकेकाला. विदोसावालाही दिला, काठोकाठ.

विदोसावानं घोट घेतला. थांबली. शेजारच्या कपाचा वास घेतला.

"ल्युबिंका, माझ्या कपात चिकोरी आहे."

"आहे."

"का?"

"माणशी ठराविकच सोडतात, बाई. तुझ्या वाट्याची तू आधीच नेलीस."

मेलेल्याच्या नावानं दिलेला कप उष्टा टाकून उठायचं नसतं, हेही विदोसावाला पक्कं माहीत होतं. ती पीत राहिली, आणि कप तळापर्यंत रिकामा होईस्तोवर ल्युबिंका हातात ट्रे धरून तिच्यासमोर उभी राहिली.