खळीचे हात

नातीनं पतंगासाठी कणकेची खळ शिजवली आणि त्या कोमट वासानं मी पुसदच्या घरात, निवडणुकीच्या दिवसांत पोचले. सणासाठी राखलेल्या गव्हाच्या पिठाची खळ बाबा चुलीवर ढवळत होते.

"आता पोळ्या कायच्या करू?" आई करवादली.

"साहेब निवडून आले का रोजच सण!"

दुपारी मी बाबांसोबत चौकात होते. साहेबांची जीप थांबली. त्यांचंच पोस्टर चिकटवत असलेल्या बाबांनी हात पुढे केला. साहेबांनी तो हात पाहिला, आपला मागे घेतला आणि शेजारच्या कापूस-व्यापाऱ्याला मिठी मारली.

"माह्याच हाताले खळ होती, पोरी," बाबा हसले आणि उरलेली पोस्टरं आणखी जपून चिकटवू लागले.

तेव्हा मला साहेबांचा राग आला होता. आता बाबांचा येतो.