आधी भोंगा की आधी आलेख?

"मॅडम, स्क्रीनवर काहीच बंद दिसलं नाही पाह्यजे," आमचे मालक सुधीरभाऊ म्हणाले. "गिऱ्हाइकाले वाटलं पाह्यजे, डबा सगळंच करून राह्यला."

मुलांनो, तुमची आजी निवृत्तीनंतरही अमरावतीत एका छोट्या कंपनीच्या कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, हे तो ठरवतो. आमचा डबा, म्हणजे एक छोटा संगणक, नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत बसणार होता. त्याचं काम एकच: कॅमेऱ्यातून धूर ओळखून भोंगा वाजवणं. रंगीत आलेख आणि रिपोर्ट ही सुधीरभाऊंची हौस.

वाद डिफॉल्टचा, म्हणजे डबा गिऱ्हाइकाकडे कोणती सेटिंग लावून जावा याचा होता. असेल तेवढीच मेमरी कर्नलने कबूल करावी, पुढच्याला सरळ नाही म्हणावं, हे माझं मत. मागेल त्याला हो म्हणावं, हे त्यांचं.

"सगळे एकदम थोडीच मागतात? पोरीच्या लग्नात आमी अख्ख्या गल्लीले चूलबंद आवतन देल्लं. घरी चूल पेटवू नका, सारेच या. आले का सारे?"

"आले असते तर?"

"मंग वरनात पानी!"

"कर्नलला ते जमत नाही. मेमरी संपली की तो पंगतीतून एका प्रोग्रॅमला उठवतो. बहुधा सगळ्यात जास्त जेवणाऱ्याला."

"बराबरच हाये ना मंग!"

सगळ्यात जास्त जेवणारा म्हणजे कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम. किरकोळ बाब.

"गिऱ्हाईक सेटिंग बदलून घेईन ना."

"भाऊ, तुमच्या फोनची रिंगटोन अजून दुकानातून आली तीच आहे."

मग मी कंपनीच्या शेडमध्ये सगळे आलेख, सगळे रिपोर्ट एकदम सुरू केले आणि कॅमेऱ्यासमोर घमेल्यात कापसाची रुई पेटवली. धूर छपराला लागला. आलेख अप्रतिम दिसत होते. भोंगा गप्प.

"बाप्पा! कॅमेऱ्यालेच उठोलं?" सुधीरभाऊ खोकत म्हणाले.

डिफॉल्ट बदललं. काही महिन्यांनी गिरणीच्या मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, रिपोर्ट उघडत नाही, मेमरी नाही म्हनते. वरून काल भोंगा वाजला. सारी पाळी बाहेर पळाली, प्रॉडक्शन बुडालं!"

"आग होती का?"

"होती ना. पानी मारून इझोली. पन प्रॉडक्शन?"

सुरक्षित डिफॉल्टसाठी आभाराचा फोन कधी येत नाही, तक्रारीचा येतो. मी तो शांतपणे ऐकून घेते. तक्रार करायला माणसं शिल्लक आहेत, एवढं पुरे.